घड्याळ जरूर लावा, पण आधी तोंडाने सांगा



आपल्या शाळेतल्या मोठ्या वर्गाच्या मुलांना सध्या एका नव्या खेळाने वेड लावले आहे. कागदावर एखाद्या यंत्रभागाचे चित्र घ्यायचे, घड्याळ लावायचे आणि तो भाग संगणकावर त्रिमितीत कोण आधी उभा करतो ते पाहायचे. याला मुले 'स्पीड मॉडेलिंग' म्हणतात. मधल्या सुट्टीत आता क्रिकेटच्या धावांऐवजी मिनिटे आणि सेकंद ऐकू येतात. यावरून पालकांमध्ये दोन तट पडले आहेत. काहींना वाटते, हात चालला पाहिजे, वेग हवाच. काहींना वाटते, ही नुसती शर्यत आहे, यातून इंजिनिअरिंग काय शिकणार?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. घड्याळ हवे. पण ते कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे, यावर सगळे अवलंबून आहे. माऊस हातात घेतल्यावर ते सुरू झाले आणि चित्रासारखा भाग दिसू लागताच थांबले, तर मुलांना फक्त चित्र उतरवायची सवय लागते. मुलाने आधी भाग शब्दांत सांगितला, मग बनवला आणि शेवटी त्यात बदल करून दाखवला, अशा तिन्ही पायऱ्या मोजल्या तर त्याच घड्याळातून खरे शिक्षण होते. आम्ही मूळचे इंजिनिअरिंगवाले, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलेले. दोन्हीकडचा अनुभव हेच सांगतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगतो. कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीने केलेले आरेखन. योगायोग असा की आपण राहतो त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातच या विद्येचा मोठा इतिहास घडला. १९६३ साली एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम आपल्या पीएच.डी.साठी लिहिला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ काढता येत होती, हे तर नवल होतेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की या दोन रेघा समांतर आहेत, या दोन सारख्या लांबीच्या आहेत, असे यंत्राला सांगता येत होते आणि यंत्र ते पाळत होते. म्हणजे कॅडच्या मुळाशी नुसती रेघ नाही, रेघांमधले नाते आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे याच राज्यात १९८५ साली पीटीसी ही कंपनी निघाली. तिच्या 'प्रो-इंजिनिअर'ने एक माप बदलले की सगळा भाग आपोआप नव्याने बांधला जाण्याची पद्धत रूढ केली. १९९३ साली जॉन हर्शटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सॉलिडवर्क्स' कंपनी काढली आणि १९९५ साली तीच सोय साध्या विंडोज संगणकावर आणून दिली. त्याच हर्शटिक यांनी २०१२ साली सहकाऱ्यांसह सुरू केलेल्या कंपनीचे 'ऑनशेप' नुसत्या ब्राउझरमध्ये चालते. त्यामुळे शाळेने दिलेल्या क्रोमबुकवरही मुलांना ते वापरता येते. २०१९ साली ही कंपनी पीटीसीनेच विकत घेतली. आज पुण्यातही पीटीसीचे आणि सॉलिडवर्क्सची मालक असलेल्या दासो कंपनीचे मोठे केंद्र आहे. आपल्यापैकी कित्येकांची भावंडे आणि वर्गमित्र तिथे काम करतात.

आता पालकांना एक आठवण करून देतो. आमच्या पिढीने महाराष्ट्रातल्या कॉलेजांत इंजिनिअरिंग ड्रॉइंग केले ते ड्राफ्टर, पेन्सिली आणि मोठ्या शीटवर. सबमिशनची तारीख जवळ आली की वसतिगृहांत 'जीटी' नावाचा प्रकार चालत असे. टेबलांच्या फटीवर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची तयार शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. ग्लास ट्रेसिंग! रात्रीत चार शीट व्हायच्या. रेघा बरोबर, मापे बरोबर, अक्षरही सुबक. पण तोंडी परीक्षेत सरांनी "ही तुटक रेघ कसली?" असे विचारले की दिवा विझलेला असायचा.

घड्याळ लावून केलेले मॉडेलिंग जीटी होऊ शकते, ही आमची खरी काळजी. पडद्यावर हुबेहूब भाग दिसतो, वेळही कमी लागते, पण भागातली नाती मुलाच्या डोक्यात उतरलेली नसतात. फरक इतकाच, की जीटी पकडायला सर होते आणि इथे पकडायला कोणी नाही.

ते पकडायचे कसे, हे ज्यांनी अशा स्पर्धा आणि परीक्षा घडवल्या त्यांना ठाऊक होते. सॉलिडवर्क्सच्या वार्षिक मेळाव्यात २००० सालापासून 'मॉडेल मेनिया' नावाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात दोन टप्पे असतात. पहिल्यात ड्रॉइंग पाहून भाग बनवायचा. दुसऱ्यात त्याच भागाचे बदललेले ड्रॉइंग हातात येते आणि आपल्याच मॉडेलमध्ये ते बदल करायचे. सॉलिडवर्क्सची 'सीएसडब्ल्यूपी' ही व्यावसायिक प्रमाणपत्राची परीक्षाही याच धर्तीची आहे. भाग बनवा, साहित्य ठरवा, वस्तुमान किती ग्रॅम ते सांगा. मग अमुक मापे बदला आणि नवे वस्तुमान सांगा. ज्याने घाईघाईत कशीबशी मोट बांधलेली असते त्याचे मॉडेल दुसऱ्या टप्प्यात कोलमडते. एक माप बदलले की पडद्यावर लाल खुणांची रांग लागते.

नुसते बोलून उपयोग नाही, म्हणून एक उदाहरण करून पाहू. मुलांनी हे घरी अवश्य करावे.

इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची एक अॅल्युमिनियमची कोनपट्टी घ्या. रुंदी ८० मिलिमीटर, तळाची खोली ५०, बाहेरून मोजलेली एकूण उंची ५०, पट्टीची जाडी सगळीकडे १०. तळाच्या पट्टीत १० मिलिमीटर व्यासाची दोन आरपार भोके. प्रत्येक भोकाचे केंद्र आपल्या बाजूच्या कडेपासून १५ मिलिमीटरवर आणि पुढच्या कडेपासून २० मिलिमीटरवर. अॅल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७० ग्रॅम धरा. हे सगळे बरोबर केले तर वस्तुमान १९०.१६ ग्रॅम येते. हा झाला पहिला टप्पा. बऱ्याच मुलांना इथपर्यंत फार वेळ लागणार नाही.

आता दुसरा टप्पा. रुंदी १०० करा, जाडी १२ करा, बाकी सगळे तसेच. बरोबर उत्तर २८०.०३ ग्रॅम. गंमत पुढे आहे. ज्याचे उत्तर २८०.८८ आले, त्याने भोक 'आरपार' न सांगता '१० मिलिमीटर खोल' असे सांगितले होते. जाडी १२ झाल्यावर भोक आरपार गेलेच नाही, खाली २ मिलिमीटरची टोपी राहिली. ज्याचे उत्तर २८६.५१ आले, त्याने उंची बाहेरून ५० न देता आतून ४० दिली होती, म्हणून जाडीबरोबर एकूण उंची वाढून ५२ झाली. पहिल्या टप्प्यात या तिन्ही मुलांचे उत्तर एकच होते आणि चित्रही एकच दिसत होते!

आणखी एक जण आहे, तो सर्वांत फसवा. त्याने दोन्ही भोके डाव्या कडेपासूनच मोजली, एक १५ वर आणि एक ६५ वर. रुंदी १०० झाली तरी त्याचे दुसरे भोक ६५ वरच राहिले. म्हणजे उजव्या कडेपासून ते आता ३५ वर आहे, १५ वर नाही. पण धातू तितकाच कापला गेला, म्हणून वस्तुमान २८०.०३ च येते. उत्तर बरोबर आणि भाग चुकीचा. त्याला पकडायचे असेल तर वस्तुमध्य विचारावा लागतो. तो रुंदीच्या बरोबर मधोमध, म्हणजे ५० मिलिमीटरवर आला पाहिजे. त्याचा जरा उजवीकडे हललेला सापडेल.

मंडळी, या चुकांकडे नीट पाहा. यांतली एकही चूक हात हळू चालल्यामुळे झालेली नाही. 'आरपार', 'बाहेरून', 'दोन्हीकडून सारखे' हे तीन शब्द डोक्यात आले नाहीत म्हणून झाली. आणि इथेच आमच्या मते आपल्या मराठीच्या वर्गाचा आणि कॅडचा संबंध येतो.

आमची सूचना साधी आहे. माऊसला हात लावण्याआधी मुलाने तो भाग मराठीत बोलून दाखवावा, आईला, बाबांना किंवा सुट्टीवर आलेल्या आजोबांना. "ही एक काटकोनात वळलेली पट्टी आहे. जाडी सगळीकडे सारखी आहे. तळात दोन आरपार भोके आहेत, दोन्ही आपापल्या कडेपासून सारख्याच अंतरावर." इतके चार वाक्यांत सांगता आले की समजावे, भाग कळला. काटकोनात, समांतर, मधोमध, आरपार, एकाच रेषेत, दोन्हीकडून सारखे, कडेला चिकटून : हे शब्द आपल्या भाषेत सुताराला, लोहाराला, शिंप्याला रोज लागतात. सदरलंड यांनी १९६३ साली यंत्राला जी नाती शिकवली ती याच जातीची होती. मुलांनी ही नाती तोंडाने सांगितली की स्केच काढताना कोणते बंधन घालायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही. आणि आजोबांना कॅड येत नसले तर उत्तमच. ते "म्हणजे कसे?" असे विचारतील आणि त्या प्रश्नातच निम्मी शिकवणी होईल.

म्हणून घड्याळाचे नियम आम्ही असे सुचवतो.

पहिली पाच मिनिटे माऊस बंद. फक्त पाहायचे आणि सांगायचे. हा वेळही मोजायचा, पण कमी केल्याबद्दल शाबासकी नाही.

मग बनवायचा वेळ. इथे घड्याळ खुशाल पळू द्या. वेग इथे कामाचा आहे, कारण कुठली आज्ञा कुठे आहे हे शोधण्यात मन अडकले तर आकाराचा विचार तुटतो. टायपिंगच्या क्लासात बोटांना अक्षरे शोधायची सवय मोडावी लागते, तसेच हे. कीबोर्डवरच्या नेहमीच्या आज्ञा बोटांत बसल्या पाहिजेत आणि त्या सरावानेच बसतात. रोज वीस मिनिटे पुरेत. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा ते बरे.

शेवटी बदलाचा वेळ. दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो धाकट्या भावंडाने, दोन मापे मनाला येतील तशी बदलून द्यावीत. भाग न मोडता बदलला आणि वस्तुमान जुळले की घड्याळ थांबवायचे. वहीत बनवण्याचा आणि बदलण्याचा वेळ शेजारी शेजारी लिहा आणि बेरीज करा. बारा मिनिटांत बनवून एका मिनिटात बदलणारा मुलगा, सात मिनिटांत बनवून बदलासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यापेक्षा पुढे आहे. ही बेरीज दिसू लागली की मुले आपणहून घाई कमी करतात, आपल्याला उपदेश करावा लागत नाही.

मदत करणाऱ्या पालकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. आपण भारतात पहिल्या कोनाच्या प्रक्षेपणाने शिकलो, वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढायचो. अमेरिकेत तिसऱ्या कोनाची पद्धत आहे, इथे ते वर असते. जुन्या सवयीने ड्रॉइंग वाचले तर उजवीकडची खाच डावीकडे जाईल. कागदाच्या कोपऱ्यात छाटलेल्या शंकूची खूण असते, ती आधी बघा. दुसरी गोष्ट एककांची. ड्रॉइंग इंचात आहे की मिलिमीटरमध्ये, हे सुरुवातीलाच तोंडाने म्हणवून घ्या. एका बाजूचे आकडे पौंडात आणि दुसरीकडे ते न्यूटनमध्ये धरलेले, एवढ्या गफलतीने नासाचे मंगळाकडे गेलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यान १९९९ साली हातचे गेले. आपली तर साधी कोनपट्टी आहे.

हा विषय आम्ही इतका लावून का धरतो, तेही सांगतो. आपली बरीच मुले शाळेच्या रोबोटिक्स संघात आहेत. फर्स्ट रोबोटिक्सची पहिली स्पर्धा १९९२ साली शेजारच्याच न्यू हॅम्पशायरमध्ये, मँचेस्टरला, २८ संघांत झाली. तिथे जानेवारीत खेळ जाहीर होतो आणि थोड्याच आठवड्यांत सामने सुरू होतात. २०१९ च्या हंगामापर्यंत तर साधारण सहा आठवड्यांनी रोबो पिशवीत सीलबंद करावा लागे. अशा धावपळीत माऊस कोणाच्या हातात जातो? ज्याचा हात सर्वांत जलद, त्याच्या. बाकीची मुले मागे उभी राहून बघतात. त्यांत नवी मुले असतात आणि पुष्कळदा मुली असतात. "मी स्लो आहे" असे त्यांनी एकदा मनाशी ठरवले की ती पुढच्या वर्षी संघात येत नाहीत. एका घड्याळाने इतके नुकसान होते. पण गाडीचा चाकाचा आस बदलला, मोटर बदलली, तीन भोके सरकवायची आहेत अशी वेळ आली, की जलद हाताच्या मुलाचे मॉडेल मोडते आणि सगळा संघ रात्री दहापर्यंत बसतो. स्पर्धेच्या काळात रोज बदल होतात. म्हणून बदल पेलणारे मॉडेल बनवणारे मूल संघाला खरे उपयोगी आहे, आणि तशी मुले मागे उभी असलेल्यांतही असतात. त्यांना पुढे आणायचे तर मोजण्याची रीतच बदलायला हवी.

काही पालक म्हणतात, मुलांच्या मागे आधीच परीक्षा थोड्या आहेत का, त्यात हे आणखी एक घड्याळ कशाला? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, पण अर्धाच. दुसऱ्याशी लावलेले घड्याळ मुलांना दमवते. स्वतःच्या मागच्या आठवड्याशी लावलेले घड्याळ हुरूप देते. म्हणून वर्गात फळ्यावर सगळ्यांच्या वेळा लिहू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येकाची वही प्रत्येकाजवळ राहू द्या.

दुसरे काही म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता चार शब्दांवरून त्रिमितीतला भाग काढून देऊ लागली आहे, मग हा सराव हवा कशाला? आम्ही रोज कामावर यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम तपासतो, म्हणून सांगतो. यंत्राला काम सांगायचे तर 'आरपार' आणि '१० मिलिमीटर खोल' यांतला फरक सांगणाऱ्याला कळायला हवा. आणि यंत्राने दिलेल्या कोनपट्टीचे वस्तुमान बरोबर असूनही भोक चुकीच्या जागी आहे, हे पकडायला ज्याने स्वतः दहा कोनपट्ट्या केल्या आहेत असा डोळा लागतो. शब्दांत नेमके सांगणे आणि आलेले नीट तपासणे, ही दोन कामे माणसाकडे राहतीलच. आमच्या सूचनेत दोन्हींचा सराव आहे.

तेव्हा मुलांनो, घड्याळ फेकू नका. "अति घाई संकटात नेई" ही पाटी घाटातल्या वळणावर जितकी खरी, तितकीच कोनपट्टीच्या वळणावरही खरी आहे, एवढे मात्र ध्यानात असू द्या.

जाता जाता एक कोडे. वरच्या मूळ कोनपट्टीची रुंदी १२० करा, जाडी ८ करा, बाहेरची उंची ५० च ठेवा. वस्तुमान किती? आणि दुसरे, महत्त्वाचे : वर सांगितलेल्या चुकांपैकी '१० मिलिमीटर खोल' भोकाची चूक या बदलात पकडली जाते का? नसेल, तर का? उत्तर चार मराठी वाक्यांत लिहून, आपल्या दोन्ही वेळांसह, पुढच्या शनिवारी बाईंच्या टेबलावरच्या खोक्यात टाका. वेळ कितीही लागली असली तरी चालेल, वाक्ये मात्र पूर्ण हवीत.



— एक पालक